रसायनशाळेतील गुरुबंधू

अमेरिकेतील विद्यापीठांत पहिल्या वर्षाचा रसायनशास्त्राचा वर्ग ही एक मोठी चाळणीच असते. वैद्यक, अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांपैकी कोणतीही वाट धरावयाची असो, विद्यार्थ्याला प्रथम या चाळणीतून जावे लागते. मोठ्या विद्यापीठांत एकेका व्याख्यानगृहात शेकडो मुले बसतात. मागच्या रांगेतल्या मुलाला एखादी गोष्ट उमगली नाही, तरी एवढ्यांच्या देखत हात वर करण्याचे धैर्य त्याला होत नाही. तो गप्प राहतो. पुढच्या आठवड्यात न उमगलेल्या गोष्टी दुप्पट होतात, आणि सत्र संपण्यापूर्वीच डॉक्टर होण्याची आकांक्षा तो मुकाट्याने गुंडाळून ठेवतो. त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. विचारण्याजोगे जवळचे माणूस त्याला मिळालेले नसते, इतकेच.

असे माणूस पुरविण्याचा एक मार्ग त्या देशातील अनेक विद्यापीठांनी शोधून काढला आहे. हाच अभ्यासक्रम एखाददुसऱ्या वर्षापूर्वी चांगल्या रीतीने पुरा केलेला, परंतु स्वतः अद्याप पदवी न मिळविलेला विद्यार्थी निवडावयाचा, त्याला थोडे प्रशिक्षण द्यावयाचे आणि अध्यापन-साहाय्यक म्हणून नवागतांच्या सोबत बसवावयाचे. संशोधन करणारे पदव्युत्तर विद्यार्थी हे काम फार पूर्वीपासून करीत आले आहेत. पदवीपूर्व साहाय्यकाचे वैशिष्ट्य असे की, आपण कोठे अडखळलो होतो हे तो अजून विसरलेला नसतो.

ही कल्पना मुळात नवी नव्हे. येशूसंघीय पाद्र्यांच्या 1599 सालच्या शिक्षणसंहितेत पाठ म्हणवून घेण्याचे काम निवडक विद्यार्थ्यांकडे सोपविण्याची तरतूद आहे. अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात थोरल्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि 1797 साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वाळूत अक्षरे गिरविण्याची रीत तर त्याने येथील देशी शाळेतूनच उचलली होती. रसायनशास्त्रापुरते बोलावयाचे, तर 1824 साली जर्मनीतील गीसन येथे अध्यापक म्हणून आलेल्या युस्टुस लीबिग यांच्या प्रयोगशाळेतही नवख्यांना हाताशी धरण्याचे काम बव्हंशी अनुभवी साहाय्यकांकडेच असे.

या जुन्या कल्पनेला आधुनिक शिस्त कशी लावता येते, याचे उत्तम उदाहरण न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये आढळते. 1847 साली गोरगरिबांच्या मुलांसाठी स्थापन झालेल्या या संस्थेत 1976 पर्यंत शिकवणी-शुल्क घेतले जात नसे. परदेशांतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतील कित्येक पिढ्या येथे शिकल्या. 1990 नंतरच्या दशकाच्या आरंभी डेव्हिड गॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील रसायनशास्त्राच्या वर्गाला एक साप्ताहिक कार्यशाळा जोडली. सहा ते आठ विद्यार्थ्यांचा गट, दीड-दोन तासांचा अवधी आणि गटाचा नेता म्हणून एक पदवीपूर्व विद्यार्थी, असे तिचे स्वरूप होते. 1995 पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य मिळाल्यावर ही पद्धती इतर अनेक महाविद्यालयांत पसरली. तिच्या प्रसारास ज्यांनी मोठा हातभार लावला, त्यांत पुणे विद्यापीठाच्या पदवीधर प्रतिभा वर्मा-नेल्सन या रसायनशास्त्रज्ञ प्राध्यापिकेचे नाव अग्रभागी आहे.

या कार्यशाळेचा एक नियम विलक्षण वाटेल. गणितांची उत्तरे छापून दिली जात नाहीत, आणि नेत्यानेही ती सांगावयाची नसतात. समजा, प्रश्न असा आहे की, चार ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगातून किती पाणी तयार होईल? नवखा विद्यार्थी बेरीज करून वीस ग्रॅम म्हणतो. नेता त्याला चूक म्हणत नाही. तो विचारतो, चार चाके आणि सायकलीचा एकच सांगाडा असेल, तर सायकली किती होतील? एकच, आणि दोन चाके उरतील. आता गटातील मुले रेणूंकडे वळतात. चार ग्रॅम हायड्रोजन म्हणजे दोन मोल. सोळा ग्रॅम ऑक्सिजन म्हणजे अर्धा मोल. अर्ध्या मोल ऑक्सिजनला एकच मोल हायड्रोजन लागतो. म्हणजे पाणी अठरा ग्रॅम होणार आणि दोन ग्रॅम हायड्रोजन शिल्लक राहणार. वीस ग्रॅमचा हिशेबही जुळला. हे उत्तर मुलांनी स्वतः मिळविलेले असते, म्हणून ते परीक्षेनंतरही टिकते.

प्रयोगशाळेतील साहाय्यकाचे काम याहून अधिक जोखमीचे. प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा आहे की नाही, आम्ल पाण्यात ओतले जात आहे की पाणी आम्लात, उरलेली द्रावणे योग्य पात्रात पडतात की थेट मोरीत, हे त्याला डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. ब्युरेटमधील द्रवाची पातळी वाचताना डोळा वक्रतेच्या तळाशी समरेषेत हवा, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकते. शेजारी उभे राहून दाखविल्याखेरीज ती हाती येत नाही. पर्यवेक्षक अध्यापकाची जागा मात्र साहाय्यकाने घेता कामा नये.

या व्यवस्थेतील खरे प्रश्न येथूनच सुरू होतात. पहिला प्रश्न मोबदल्याचा. काही विद्यापीठे ताशी वेतन देतात, तर काही केवळ अभ्यासक्रमाचे श्रेयांक देतात. जेथे श्रेयांकांगणिक शुल्क आकारले जाते, तेथे विद्यार्थ्याने काम करावयाचे आणि वर पैसेही भरावयाचे, असा उफराटा प्रकार होतो. सधन घरचा मुलगा हा मान स्वीकारू शकतो. रात्री दुकानात काम करून शुल्क भरणाऱ्या मुलीला तो परवडत नाही. मग शिकविण्याने जो आत्मविश्वास येतो, तोही सधनांच्याच पदरात पडतो. गरजू विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम देणारी योजना त्या देशात 1964 च्या कायद्याने सुरू झाली. तिचा हेतू येथे जितका सार्थ होईल, तितका भांडी विसळण्याच्या कामात खचित होणार नाही.

दुसरा प्रश्न न्यायाचा. ज्याच्याबरोबर दुपारी जेवावयाचे, त्याच्याच वहीवर सायंकाळी गुण कसे द्यावयाचे? सिटी कॉलेजच्या पद्धतीत नेत्याकडे गुणदान ठेवलेलेच नाही, हे शहाणपणाचे आहे. अन्यत्र ते द्यावे लागते, तेथे निकष लेखी हवेत. गुप्ततेचे बंधनही हवेच. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना तेथे 1974 च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. तिसरा धोका काटकसरीचा. पुरेसे अध्यापक न नेमता स्वस्तात वर्ग चालविण्यासाठी या मुलांना जुंपले, तर तो शिकणाऱ्यांवर आणि शिकविणाऱ्यांवर सारखाच अन्याय ठरेल.

महाराष्ट्राला यात परके असे काही वाटू नये. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकणाऱ्या मुलाला प्रतिष्ठा दिली. ‘कमवा आणि शिका’ या योजनेखाली आजही आपल्याकडील विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात काम करतात. त्या श्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्यांतीलच एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला प्रशिक्षण देऊन, योग्य वेतन देऊन, प्रथम वर्षाच्या सहा-आठ मुलांबरोबर आठवड्यातून दोन तास बसविले, तर? खेड्यातून आलेल्या, इंग्रजी संज्ञांना बिचकणाऱ्या मुलाला आपल्याच बोलीत समजावणारा गुरुबंधू भेटेल. आणि समजावणाऱ्यालाही आपले ज्ञान किती पक्के आहे, हे कळून येईल. कारण दुसऱ्याच्या साध्या प्रश्नापुढे पाठांतर टिकत नाही.

अध्यापकाची उणीव हा गुरुबंधू भरून काढू शकणार नाही, आणि ती त्याने भरून काढावी अशी अपेक्षाही धरू नये. परंतु व्याख्यानपीठ आणि मागची रांग यांमधील अंतर तो पुष्कळ कमी करू शकेल, आणि तेवढ्याने एखाद्या मुलाचे शिक्षण अर्ध्यावर सुटावयाचे वाचेल.