घरच्या टेबलावरचा ऑफिसचा फोन

टेलिफोन-नेटवर्कच्या कामातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

 

2020 पूर्वी कॉल सेंटरचं काम घरून करायचं तर बँक गॅरंटीसकट परवानगी लागायची. टाळेबंदीत दूरसंचार विभागाने त्या अटी सैल केल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कॉल सेंटरांच्या नोंदणीची अटही काढून टाकली. काम घरी हलवण्याच्या घाईत अनेक ठिकाणी टेलिफोन बोर्डाचा 5060 नंबरचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडला गेला, एक्स्टेन्शनचा नंबर तोच पासवर्ड ठेवला गेला आणि ‘नंतर बघू’ म्हणून विषय संपला. तेव्हाची घाई मी समजू शकतो. पण यातले काही पोर्ट आजही तसेच आहेत, हे मला अजिबात मान्य नाही.

अशा बोर्डाचा लॉग एकदा उघडून बघा. ‘फ्रेंडली स्कॅनर’ हे नाव लावून विनंत्या येत असतात. 100, मग 101, मग 102. प्रत्येकावर आधी नंबर हाच पासवर्ड म्हणून लावून बघायचा, नाही जमलं तर 1234. हे रात्रंदिवस एक प्रोग्रॅम करत असतो. पासवर्ड जुळला तरी लगेच काही घडेलच असं नाही. शनिवारची रात्र किंवा दिवाळीची सुट्टी गाठून परदेशातल्या महागड्या नंबरांवर एकदम कॉल सुटतात, आणि त्या कॉलच्या पैशांत हे घडवणाऱ्या टोळीचा वाटा असतो. ऑफिस उघडेपर्यंत बिल चढलेलं असतं. म्हणून घरच्या एक्स्टेन्शनवर आयएसडी बंद ठेवा. ज्याला खरंच लागतं त्यालाच द्या, तेही रकमेची मर्यादा घालून.

दुसरा धोका चोरपावलांनी येतो. साधं, न झाकलेलं बोलणं वाटेत कुणी पकडलं, तर वायरशार्कमध्ये ते चक्क वाजवून ऐकता येतं. यावर उपाय असलेलं एसआरटीपी हे मानक 2004 सालचं आहे. मात्र ते एकटं पुरत नाही. बहुतेक फोनांत त्याची किल्ली सिग्नलिंगमधूनच जाते. सिग्नलिंग झाकणारं टीएलएस नसेल तर किल्लीही उघड्यावर. दोन्ही एकत्र लावा, आणि बोर्डाच्या पुढे सेशन बॉर्डर कंट्रोलर ठेवा. सगळ्यांना व्हीपीएनमधूनच आणायचं, हा आग्रह मला पटत नाही. व्हीपीएन जोडायचं राहिलं की रिंगच येत नाही, आणि ते राहतंच.

आता ज्यासाठी मी आज उभा आहे ते सांगतो. साताऱ्यात घरून काम करणारी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. रिंग येते, ती ‘हॅलो’ म्हणते, ग्राहकाला ऐकू जातं. ग्राहकाचं मात्र तिला काहीच ऐकू येत नाही. कारण घरच्या राउटरमधलं एसआयपी एएलजी पाकिटातले पत्ते परस्पर बदलतंय. हेल्पडेस्क सांगतो, पुन्हा लॉगिन करा. दोनदा-तीनदा असं झालं की ती स्वतःचा मोबाइल उचलून ग्राहकाला फोन लावते. तिथे आपली सगळी सुरक्षा संपली! कॉलची नोंद नाही, आणि तिचा खासगी नंबर परक्या माणसाकडे गेला. तो रात्री अकराला फोन करणार. तिने नोकरी सोडली तरी करत राहणार. एका बाईच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे या सभागृहात समजावून सांगायला नको.

आणि गंमत नव्हे, आनंदाची गोष्ट अशी की टीएलएस लावलं की राउटरला सिग्नलिंगच्या आतलं वाचता येत नाही, त्यामुळे त्याची ढवळाढवळही थांबते. जे सुरक्षित तेच तिला सोयीचंही ठरतं. मालकांपुढे बजेट मांडताना हा मुद्दा पहिल्या पानावर असू द्या.

परिषदेकडे माझं एक मागणं आहे. घरी सॉफ्टफोन कसा बसवायचा, राउटरमधलं एएलजी कुठे बंद करायचं, मोबाइल हरवला तर कोणाला कळवायचं, हे सांगणारं एक पान सोप्या मराठीत तयार करा. त्याच पानामागे ऑफिससाठी लिहा, की माणूस नोकरी सोडेल त्याच संध्याकाळी त्याचं एक्स्टेन्शन बंद झालं पाहिजे आणि त्याचे कॉल कोणाकडे वळवायचे हे आधी ठरलेलं पाहिजे. दुपारच्या सत्रात मसुद्याला बसू या. मी थांबणार आहे.