पराभवाची पेरणी

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बर्फावरील हॉकी-संघानें १९७३ ते २००६ या काळांत सहा वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. शेवटच्या खेपेस मार्गदर्शक होते माइक ईव्ह्स. १९७७ च्या विजयी संघाचे कर्णधारही तेच. परंतु २०१४-१५ च्या मोसमांत त्यांच्याच संघाच्या वांट्यास २६ पराभव आणि अवघे ४ विजय आले. प्रेक्षक चिडले, खुर्च्या ओस पडल्या, आणि २०१६ सालीं ईव्ह्स यांना पद सोडावें लागलें.

प्रेक्षकांचा संताप खोटा नव्हता. तिकिटाचे पैसे त्यांचेच असतात. परंतु खेळाडूंची निवड ही पेरणीसारखी असते. १५-१६ वर्षांचीं मुलें हेरावीं लागतात, आणि तीं संघांत येऊन तयार होईपर्यंत कित्येक वर्षें जातात. आजच्या पराभवाचें बीं असें पूर्वींच पडलेलें असतें.

नवे मार्गदर्शक टोनी ग्रॅनाटो यांच्या संघानें २०२१ मध्यें आपल्या गटांत अग्रस्थान पटकाविलें. कोल कॉफील्ड हा त्या वर्षींचा सर्वश्रेष्ठ महाविद्यालयीन खेळाडू ठरला. पण तो लगेच धंदेवाईक संघांत गेला आणि मागें पोकळी राहिली. २०२३ मध्यें ग्रॅनाटोही गेले. त्यांच्यामागून आलेल्या माइक हेस्टिंग्ज यांनीं आपल्या पूर्वीच्या विद्यापीठांतील कांहीं कसलेले खेळाडू बरोबर आणले, आणि पहिल्याच मोसमांत संघ राष्ट्रीय स्पर्धेंत पोंचला.

तेव्हां गुणफलकावर रागावणाऱ्या प्रेक्षकांनीं चालकांना एक प्रश्न वेळींच विचारावा: आणखी तीन वर्षांनीं खेळणार कोण?