दुबळ्याची दुबळ्याशी गाठ
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर आपण या व्यासपीठावरून नेहमी बोलतो, पुढेही बोलू. आज बोलायचे आहे ते पीक हाती येण्याआधीच वावरातून उडून जाणाऱ्या पैशाबद्दल. युरियाबद्दल.

एका पोत्यात ४५ किलो युरिया. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. त्यातले पऱ्हाटीच्या मुळाशी किती पोचते? जे पोचत नाही ते जाते कुठे? याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि ते कळायला कॉलेजात जावे लागत नाही.

लिंबू आंबट, ते आम्ल. चुना आणि धुण्याचा सोडा, हे अल्क. आम्ल आणि अल्क एकत्र आले की त्यांची गाठ पडते, क्षार तयार होतो. दोघेही जोरदार असले तर गाठ पक्की बसते. खायचे मीठ हा असाच क्षार. बरणीत वर्षानुवर्षे राहतो, उडून जात नाही. कल्हईवाल्याच्या नवसागरात आम्ल जोरदार, पण अल्क दुबळा. तो अल्क म्हणजे अमोनिया. नवसागर ओल्या चुन्याबरोबर चोळून बघा, नाकात झिणझिण्या येतात. जोरदार चुना आला आणि त्याने दुबळ्या अमोनियाला हुसकून लावले.

आता तिसरी जोडी. आम्लही दुबळे आणि अल्कही दुबळा. युरियाची गोष्ट ती हीच.

युरियाच्या दाण्याला वास नसतो. पण ओल्या मातीत पडला की मातीतले युरिएज नावाचे विकर त्याला फोडते आणि अमोनियम कार्बोनेट तयार होते. यातला अमोनिया दुबळा अल्क. त्याचा जोडीदार कार्बोनिक आम्ल, सोड्याच्या बाटलीतून फसफसून निघून जाते तेच. दोघांनीही एकमेकांचा हात घट्ट धरलेला नाही, आणि दोघेही वायू होऊन उडू शकतात. शिवाय या दोन दुबळ्यांत अमोनिया जरा कमी दुबळा. म्हणून पारडे त्याच्या बाजूला झुकते आणि दाण्याभोवतालच्या ओलीचा सामू ९ च्या आसपास चढतो.

सामू चढला की काय होते ते आकड्यात पाहू. सामू ७.२५ असेल तर शंभर भागांपैकी सुमारे १ भाग अमोनिया मोकळा असतो. सामू ८.२५ असेल तर ९ भाग. ९.२५ ला ५० भाग, म्हणजे निम्मा! आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू मुळातच ८ च्या आगेमागे. वर ऊन आणि वारा. ओल्या जमिनीवर युरिया फेकला आणि पावसाने उघडीप दिली, तर चौथा हिस्सा नत्रसुद्धा हवेत जाऊ शकते. पोत्यामागे पाच किलो. भुरभुर पावसाने दाणा विरघळतो पण खाली जात नाही, ते सर्वांत वाईट. चांगला सरवा पडला तर युरिया पाण्याबरोबर खाली उतरतो आणि वाचतो.

मग लोक उपाय सांगतात. कोणी म्हणते, आता युरिया नीमयुक्त आहे. खरे आहे, २०१५ पासून देशातला सगळा युरिया नीमयुक्त केला. पण निंबोळीचे तेल पुढची पायरी धीमी करते, अमोनियाचे नायट्रेट होण्याची. युरिया फुटून अमोनिया उडतो, तो त्याने थांबत नाही. कोणी म्हणते, अमोनियम सल्फेट टाका. चुनखडीच्या जमिनीत सल्फेट चुन्याशी जुळून जिप्सम होते, आणि मागे राहते तेच अमोनियम कार्बोनेट. तेही उघड्यावर टाकले तर उडणार.

कोणी सामू उतरवणारी बाटली विकायला येते. त्याला हिशेब विचारा. एक एकरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन सुमारे ९०० टन. त्यात ५ टक्के चुनखडी धरली तर ४५ टन. ती संपवायला जवळजवळ तेवढेच गंधकाम्ल लागेल. एका बाटलीने काय होणार?

खरा उपाय साधा आहे. खत मातीआड करा. काळ्या मातीतली चिकणमाती अमोनियाला धरून ठेवते, फक्त तो तिच्या तावडीत सापडला पाहिजे. तीन बोटे माती वर असली तरी मोठा फरक पडतो. कपाशीला डवऱ्याआधी ओळीच्या बाजूने खत द्या आणि लगेच माती ओढा. रब्बी ज्वारीला दोन चाड्यांची पाभर वापरा. खत बियाला चिकटू देऊ नका, हाच अमोनिया कोंब जाळतो.

आमच्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. हळदीत चुना घातला की कुंकू होते, हे मायबहिणींना ठाऊक आहे. दोन बरण्यांत आपल्याच वावराची ओलसर माती घ्या. एकीत चिमूटभर युरिया वर टाका, दुसरीत चार बोटे खाली पुरा. झाकणाखाली हळदीची ओली चिंधी अडकवा आणि तीन-चार दिवस थांबा. कुठली चिंधी आधी लाल पडते ते बघा. लाल चिंधी उघड्यावर ठेवली की पुन्हा पिवळी होईल, कारण दुबळा अमोनिया तिथूनही निघून जातो.

मातीआड करायला मजुरी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून ‘शेतकऱ्याला खत घालता येत नाही’ असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे. २०१५ साली जमीन आरोग्य पत्रिका आली. तिच्यात बारा नोंदी, त्यात सामू आहे, चुनखडीचे प्रमाण नाही. ज्या गोष्टीवर कोरडवाहू शेतकऱ्याचे नत्र टिकते किंवा उडते, तीच नोंद नाही! आपल्या मागण्या दोन. पत्रिकेत चुनखडीची नोंद करा. आणि गावोगाव दोन चाड्यांच्या पाभरी भाड्याने मिळण्याची सोय करा.

हा ठराव प्रत्येक गावाने ग्रामसभेत मांडावा. आणि मागणी मान्य होईपर्यंत या हंगामात एकही दाणा उघड्यावर पडू देऊ नका. कापसाला भाव मिळवायला लढावे लागते. हे नत्र वाचवायला तीन बोटे माती पुरे.