माती आणि अग्नि



ज्युबिलीच्या आनंदांत मरणाची गोष्ट काढणें कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु हा धर्मग्राम ज्यांनीं उभा केला, ते बहुतेक आज आपल्या कबरस्थानांत विसावले आहेत. त्यांच्या स्मरणावांचून हा उत्सव पुरा कसा व्हावा?

आमच्याकडे एक प्रश्न वारंवार येतो: घरच्या मनुष्याला अग्नि दिला, तर त्याचा धर्म गेला काय?

रोमच्या धर्मपीठानें १८८६ सालीं दहनास मनाई केली. १९१७ च्या धर्मनियमांत ती कायम झाली. त्या काळीं युरोपांत कित्येकजण पुनरुत्थानाची थट्टा करण्याकरितांच प्रेत जाळीत. मनाईचा रोख त्या अश्रद्धेवर होता. १९६३ सालीं ती सैल झाली. १९८३ चे धर्मनियम दफनाची कळकळीनें शिफारस करितात. मात्र श्रद्धेला झुगारण्याचा हेतु नसेल, तर दहनास बंदी करीत नाहींत.

दफन तेवढें ख्रिस्ती व दहन तेवढें हिंदु, अशी वांटणी आपल्या देशांत कधींच नव्हती. आपल्याच जिल्ह्यांतील नेवाशास ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानेश्वर आळंदीस समाधिस्थ झाले. लिंगायत बंधु आजहि मृतांस भूमींत ठेवितात. उलट, नगरास राहिलेले कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं मुंबईस वारले, तेव्हां त्यांच्याच इच्छेप्रमाणें त्यांचें दहन झालें, व अस्थि नगरास आणण्यांत आल्या. ते आमच्या पंथाचे नव्हते. परंतु त्यांच्या ख्रिस्तभक्तीविषयीं कोण शंका घेईल? पुढें २०२० च्या कोरोनाच्या साथींत कित्येक ख्रिस्ती कुटुंबांना नाइलाजानें हाच मार्ग धरावा लागला.

तरी दफनाची चाल आपण प्रेमानें जतन करावी. ख्रिस्त स्वतः कबरेंत निजला होता. पण कोणा घरीं दहन झालें, तर त्या घराकडे पाठ फिरवूं नका. शेजारीं बसा, प्रार्थनेस या, मिस्सेंत त्या आत्म्याचें नांव घ्या. आणि त्या घरच्यांसहि आमची विनंती आहे, कीं रक्षा गोदेंत अथवा प्रवरेंत सोडूं नये, घरांतहि ठेवूं नये. २०१६ सालीं रोमनें हेंच सांगितलें आहे. ती कबरस्थानांत आणावी, म्हणजे मृतांच्या दिवशीं तिच्यापाशींहि मेणबत्ती लागेल.

दर वर्षीं राखेच्या बुधवारीं आपण कपाळीं राख लावून घेतों. ज्या देवानें मातींतून मनुष्य घडविला, त्याला तो राखेंतूनहि उठवितां येतो.