पायी चालणाऱ्यांचे शहर



शहराच्या विकासाची आज रूढ असलेली मापे चाकांची आहेत. उड्डाणपूल किती, गाड्यांचा वेग किती, याचा हिशेब चोख ठेवला जातो. परंतु धुण्याभांड्याला जाणारी बाई, बांधकामावरचा मजूर, शाळकरी मूल रोज किती चालते आणि कशावरून चालते, हे क्वचितच मोजले जाते. जे मोजले जात नाही, त्याला अंदाजपत्रकात स्थान मिळत नाही.

कागदाची उणीव मुळीच नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांहून माणसांना अग्रक्रम दिला. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमाशी जोडला. तरीही २०२२ या एका वर्षात देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यांवर मृत्युमुखी पडले, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो.

मुंबईत २००८ पासून स्कायवॉक उभारले गेले. थकल्या माणसाने जिने चढावेत आणि खालचा रस्ता मोटारींना मोकळा राहावा, हे नियोजन कोणाच्या सोयीचे?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदी अडथळ्याविना मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. ही रुंदी नकाशावर पाहून भागत नाही. विजेची पेटी, झाडाचा कठडा, उभी केलेली मोटारसायकल वजा जाता काय उरते, ते मोजावे लागते. सिग्नलचेही तेच. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तरी १८ मीटरचा रस्ता ओलांडण्यास १५ सेकंद लागतात. काठी टेकीत जाणाऱ्या वृद्धेला त्याहून अधिक. सिग्नलची वेळ तिच्या पावलांनी ठरली पाहिजे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पदपथ मोकळे करण्याच्या नावाखाली पहिला घाव भाजीवालीच्या पाटीवर पडतो. फुकट जागा अडवणारी मोटार मात्र जागची हलत नाही. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना संरक्षण दिले असून त्यांची जागा ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली आहे. चालणारा आणि विकणारा ही एकाच कष्टकरी वर्गाची माणसे आहेत. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचा डाव ओळखला पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डात मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन फिरावे. वस्तीपासून शाळा, दवाखाना, बसथांब्यापर्यंतची वाट तेथील वृद्ध, अपंग आणि स्त्रियांसह चालून पाहावी, प्रत्येक अडथळा नोंदवावा आणि अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी ती यादी नगरसेवकापुढे ठेवावी. मोजलेल्या मागणीला उत्तर देणे प्रशासनाला टाळता येत नाही.