स्टिअरिंग धरण्याआधी

बहिणींनो, आठवी पासची अट 2019 मध्येच निघाली. शाळा सुटली म्हणून मागे राहू नका. आधी हलक्या वाहनाचा परवाना काढा. त्याला वर्ष झाले आणि वयाची 20 वर्षे भरली, की ट्रकचा शिकाऊ परवाना काढता येतो.

एअर ब्रेकच्या हवेचा काटा पुरता वर आल्याशिवाय गाडी हलवू नका. घाट ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केले, तर ब्रेक तापून गाडी हातातून जाते.

मूळ परवाना मालकाकडे ठेवू नका. कायद्याने दिवसाचे काम 8 तासांचे आहे. डोळा लागू लागला, तर 'थांबते' म्हणा. माल उशिरा पोचला तरी चालतो. देवाने दिलेला जीव त्याहून मोलाचा. प्रभू वाटेवर तुमच्यासोबत असो.