उणे एक



टेस्टर मित्रमैत्रिणींनो, तुम्ही मला अध्यक्षपद दिलंत. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'टेस्टिंग क्षेत्राचा आढावा' असं छापलंय, तो उरकून टाकते. 2001 साली पुण्यात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या धंद्यात आले तेव्हा मर्क्युरी कंपनीच्या विनरनर या ऑटोमेशन साधनाचं राज्य होतं. 2004 मध्ये शिकागोत जेसन हगिन्स यांनी सेलेनियम लिहायला घेतलं. मर्क्युरी म्हणजे पारा आणि पाऱ्याच्या विषावर सेलेनियमचा उतारा, अशी त्या नावामागची थट्टा. 2006 मध्ये एचपीनं मर्क्युरी विकत घेतली, 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट आलं. झाला आढावा.

आता जे बोलायला मी कित्येक वर्षं थांबले होते ते बोलते. आपण माणसं निवडतो तीच चुकीच्या पद्धतीनं.

सकाळच्या सत्रात सेलेनियम की प्लेराइट यावर जुंपली होती. बटण दाबण्याजोगं होईपर्यंत प्लेराइट आपणहून थांबतं, सेलेनियममध्ये ते थांबणं बहुतेक वेळा आपल्याला लिहावं लागतं. फरक खरा आहे, मान्य. पण मी विनरनरच्या ज्या आज्ञा रात्री जागून पाठ केल्या, त्यांना आज रद्दीवालाही विचारणार नाही. त्याच वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मला एक सवय लावली: कुठलाही स्क्रीन समोर आला की आधी विचारायचं, 'हा बिघडेल कुठे?' माझं घर आजवर त्या प्रश्नावर चाललंय.

सहा-सात वर्षांपूर्वी मी एका कंपनीत मुलाखतीच्या पॅनेलवर होते. जागा एक, शेवटपर्यंत आलेले दोघं. मुलगा क्लास करून आलेला. सिव्हिअरिटी आणि प्रायॉरिटीतला फरक, अ‍ॅब्सोल्यूट आणि रिलेटिव्ह एक्सपाथ (स्क्रीनवरचं बटण शोधायचा पत्ता, म्हणजेच एक लोकेटर), स्ट्रिंग उलटी करणं, सगळं घडाघडा. बार्शीची मुलगी एक्सपाथलाच अडली. उठताना म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? खाली पाहुण्यांच्या नोंदीचा टॅब आहे ना, त्यावर सकाळी मी एकटीच होते. चेक-आउट दोनदा दाबलं गेलं, तर आत असलेले पाहुणे उणे एक दाखवतोय." आम्ही हसलो. शेरा लिहिला, 'कोडिंग कच्चं'. अक्षर माझं होतं.

जागा मुलाला मिळाली. त्यानं वर्षभरात साडेतीनशे स्क्रिप्ट लिहिल्या. रोज सकाळी रिपोर्ट हिरवागार. एका सोमवारी कळलं, पेमेंटचा सर्व्हर रात्रभर बंद होता. रिपोर्ट तरी हिरवाच! उघडून पाहिलं तर प्रत्येक स्क्रिप्ट ट्राय-कॅचमध्ये गुंडाळलेली. एरर आली की लॉगमध्ये छापायची आणि पुढे चालू पडायचं. नापास व्हायची सोयच ठेवलेली नव्हती. त्याला मी दोष देत नाही. उत्तर बरोबर दिसलं की काम भागतं, हे त्याला आमच्याच मुलाखतीनं शिकवलं होतं.

ग्लेनफर्ड मायर्स यांचं 'द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग' 1979 चं. त्याच्या सुरुवातीलाच एक कोडं आहे: प्रोग्रॅमला बाजूंचे तीन आकडे द्यायचे, तो त्रिकोणाचा प्रकार सांगतो, तुम्ही हा तपासाल कसा? त्या सोमवारनंतर मी हेच विचारते. एकानं मला उलट विचारलं, "मॅडम, लोकेटर काय घ्यायचा?" आणि एखादीच म्हणते, "1, 2, 3 दिले तर? त्रिकोण होणारच नाही." शून्य दिलं तर? दोनच आकडे दिले तर? तेच आकडे क्रम बदलून दिले तर? असं ज्याला सुचतं, त्याला एक्सपाथ मी पंधरवड्यात शिकवीन. ज्याला फक्त एक्सपाथ येतो, त्याला हे कसं शिकवायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

तरुणांनो, ऑटोमेशन शिकाच, त्यावाचून आता दारात उभं करत नाहीत. जावा किंवा पायथन, एक काहीतरी नीट धरा. पण स्क्रिप्ट पास झाली की अपेक्षित उत्तर मुद्दाम चुकीचं टाकून पुन्हा चालवा. तरीही पास झाली तर ती पुसून टाका. रिज्युमेत तीन वर्षांचा खोटा अनुभव लिहून देणाऱ्या क्लासची पायरी चढू नका. मुलाखतीत येत नाही ते 'येत नाही' म्हणा, आणि वाट बघताना काय दिसलं ते सांगा.

पॅनेलवाल्यांसाठी आपण एक प्रश्नपेढी करणार आहोत. एक छोटी समितीही नेमावी म्हणते. कोण, कधी, ते कार्यकारिणीत बोलू.

त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. चेहराही आता नीट आठवत नाही, 'उणे एक' तेवढं आठवतं.

चहा तयार आहे असं खुणावतायत. जाताना दाराशी आपल्या नोंदणीचा टॅब लागेल. त्यावर चेक-आउट दोनदा दाबून बघा. मी सकाळी दाबलंय. काय झालं ते सांगणार नाही.